पहिल्या प्रकरणातलं आशयसूत्र

सप्रेम आशीर्वाद.

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणावरचं तुझं टिपण वाचलं. लग्न, पैसा, समाज आणि अहंकार अशी चार आशयसूत्रं (थीम) तू काढली आहेस. यातले पहिले तीन नुसते विषय आहेत. कादंबरी लग्नाबद्दल काय म्हणते, हे एका पूर्ण वाक्यात मांडलंस की आशयसूत्र हाती लागतं. अहंकार मात्र शीर्षकातून उचललेला दिसतो. या प्रकरणात अहंकारी नायक डार्सीचं नावही नाही. तो तिसऱ्यात येतो.

प्रकरण जेमतेम तीन पानांचं आहे. पेन्सिल घेऊन पुन्हा वाच. आधी माहिती कोणत्या क्रमाने येते ते समासात लिहीत जा. मिसेस बेनेट नवऱ्याला सांगते: नेदरफील्ड ही शेजारची हवेली भाड्याने गेली, घेणारा उत्तरेकडचा श्रीमंत तरुण आहे, सोमवारी चार घोड्यांच्या गाडीतून आला होता, मायकेलमसच्या (२९ सप्टेंबरच्या सणाच्या) आधी ताबा घेणार, नोकर पुढच्या आठवड्याअखेर येणार. इतकं सगळं सांगून होतं, तरी त्याचं नाव आलेलं नसतं. ते मिस्टर बेनेटना विचारावं लागतं. मग बिंगली, अविवाहित, वर्षाला चार-पाच हजार पौंड. माणसाआधी त्याची ऐपत गावात पोहोचते. हा क्रम हाच तुझा पहिला पुरावा.

आता सुरुवातीची दोन वाक्यं शेजारी ठेव. श्रीमंत अविवाहित पुरुषाला बायको हवीच असते, हे जगन्मान्य सत्य असल्याचं पहिलं वाक्य सांगतं. ते लेखिकेचं मत म्हणून उद्धृत करणं ही परीक्षेच्या पेपरांतली सर्वांत नेहमीची चूक. दुसऱ्या वाक्यात हे ‘सत्य’ आजूबाजूच्या घरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं निघतं, आणि त्या पुरुषाच्या मनात काय आहे याची कुणाला फिकीर नसते. आधी त्याच्याकडे मालमत्ता असते. एका वाक्यात तोच कुणाच्या तरी मुलीची मालमत्ता होऊन बसतो. पुढच्या संवादात गरज कोणाला आहे ते बघ. पाच मुली लग्नाच्या आहेत, आणि नवऱ्याने आधी भेट घेतल्याशिवाय बायकांना तिथे जाता येत नाही.

संवादात मिसेस बेनेटची प्रत्येक विनंती आणि नवऱ्याचं प्रत्येक उत्तर यांच्यापुढे खूण कर. सरळ उत्तर फार क्वचित सापडेल. शेवटच्या परिच्छेदात कळतं की तेवीस वर्षांच्या संसारात तिला त्याचा स्वभाव उमगलेला नाही. तू हा परिच्छेद ‘पात्रपरिचय’ म्हणून सोडून दिलास. माझ्या मते प्रकरणाचं सगळं वजन तिथेच आहे. ज्या घरात एक लग्न असं फसलंय, तिथेच आणखी पाचांची घाई चाललीय.

हे सगळं जोडून एक वाक्य लिही. उदाहरणार्थ: ‘बाईचं पुढचं आयुष्य लग्नावरच अवलंबून असेल, तर माणूस ओळखण्याआधी व्यवहार ठरतो, आणि त्याची किंमत नंतर संसारात मोजावी लागते.’ मग ते पुढच्या प्रकरणांवर घासून बघ. २२व्या प्रकरणात एलिझाबेथची सत्तावीस वर्षांची मैत्रीण शार्लट केवळ हक्काच्या घरासाठी कॉलिन्स या पाद्र्याला होकार देते. ४२व्यात बेनेटांची मुलगी, नायिका एलिझाबेथ आईवडिलांच्या संसाराकडे स्वच्छ नजरेने बघते. दोन्ही ठिकाणी वाक्य टिकतं. तुझं वाक्य एकाच ठिकाणी लागू पडलं, तर ते प्रसंगाचं वर्णन आहे असं समज.

एक सावधगिरी बाळग. बेनेटांना मुलगा नसल्याने त्यांची इस्टेट दूरच्या नातेवाइकाकडे जाणार, हे ७व्या प्रकरणात कळतं. ते पहिल्या प्रकरणाचा पुरावा म्हणून वापरू नकोस. लेखिकेने ते मुद्दाम मागे ठेवलंय, म्हणून पहिल्या वाचनात आपण नवऱ्याच्या बाजूने हसतो आणि बाईची काळजी आपल्याला नुसता आचरटपणा वाटते. हे हसू पुढे कसं अवघड होत जातं, यावर वेगळा परिच्छेद लिही.

नवं टिपण दीड पानात बसव. प्रत्येक विधानाखाली मजकुरातली ओळ हवी. गाइड उघडू नकोस. त्यातली यादी तू आधीच पाठवली आहेस.