दुकानातला माणूस म्हणाला म्हणून कमरेला पिस्तूल

प्रश्न : मी टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. आय-१४०, म्हणजे कंपनीने माझ्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, कधीचा मंजूर झालाय, पण ग्रीन कार्डचा पत्ता नाही. भारतीयांच्या घरात सोनं असतं म्हणून आमच्या भागात चोऱ्या झाल्या, तेव्हा मी पिस्तूल घेतलं. दुकानातल्या माणसाने सांगितलं की २५ डॉलरचा शिकारीचा परवाना काढा, मग व्हिसावाल्यांनाही पिस्तूल चालतं. शिवाय २०२१ पासून टेक्सासमध्ये वेगळा परवाना लागत नाही, तेव्हा उघडपणे कमरेला लावून कुठेही फिरा, पोलीससुद्धा विचारू शकत नाहीत. त्याप्रमाणे मी फिरत होतो, सकाळी मुलीला शाळेत सोडतानाही. मागच्या आठवड्यात किराणा दुकानाच्या मॅनेजरने बाहेर जायला सांगितलं. मी लगेच गेलो. आता ऑफिसातला मित्र म्हणतो, तुझा व्हिसा धोक्यात आहे. खरं काय? त्या बंदुकीच्या दुकानावर काही कारवाई करता येईल का?

उत्तर : आजपासून ते पिस्तूल कमरेला लावणं बंद करा. कारणं पुढे सांगतो, पण एवढं एक वाक्य वाचून थांबलात तरी माझी हरकत नाही.

त्या दुकानातल्या माणसाने तुम्हाला थापा मारल्या असत्या तर बरं झालं असतं. थाप ऐकून माणूस निदान दुसऱ्या कुणाला विचारतो. त्याने अर्धं खरं सांगितलं, आणि ते ज्या गिऱ्हाइकाच्या हिशोबाने सांगितलं, ते गिऱ्हाईक तुम्ही नव्हेत. त्याच्यासमोर रोज उभा राहणारा माणूस अमेरिकेचा नागरिक असतो. नागरिकाचं पाऊल चुकलं तर बऱ्याचदा प्रकरण दंडावर निभावतं. तुमचं चुकलं तर या देशातलं बस्तान उठू शकतं.

आता त्याचं एकेक वाक्य घेऊ.

शिकारीच्या परवान्याचं वाक्य बरोबर आहे. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तुमच्या एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूसही जवळ बाळगणं हा फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याखालचा गुन्हा आहे, आणि २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा १५ वर्षं झाली आहे. याला जे थोडे अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेत रीतसर मिळालेला शिकारीचा परवाना. तुम्ही प्रत्यक्ष रानडुकराच्या मागे धावलं पाहिजे असं कायदा म्हणत नाही. परवाना जवळ हवा आणि तो चालू हवा.

त्याने जे सांगितलं नाही ते असं : टेक्सासचा वार्षिक शिकारीचा परवाना कधीही काढा, तो ३१ ऑगस्टला संपतो. म्हणजे ३१ तारखेला रात्री कपाटात कायदेशीर असलेलं पिस्तूल १ सप्टेंबरला त्याच कपाटात गुन्हा ठरतं. तुम्ही झोपलेले असलात तरी. म्हणून आधी जाऊन परवान्यावरची तारीख बघा. तो चालू असेल तर पुढचं वाचा. संपला असेल तर पिस्तुलाला हात न लावता आधी फौजदारी वकिलाला फोन करा. ते घराबाहेर कसं न्यायचं, हे तो ठरवेल.

दुसरा कागद म्हणजे फॉर्म ४४७३, जो तुम्ही खरेदीच्या वेळी भरलात. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आला आहात का, असा थेट प्रश्न त्यात असतो, आणि हो म्हटलं तर कुठल्या अपवादात बसता तेही विचारतात. तुम्ही खरं उत्तर देऊन परवाना दाखवला असेल तर खरेदी ठीक आहे. पण ‘इथे नाही लिहा, सगळे तसंच लिहितात’ असं कुणी म्हटलं आणि तुम्ही तसं लिहिलं असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवा. ते खोटं विधान हाच स्वतंत्र गुन्हा आहे. कागदावर सही तुमची आहे, त्याची नाही.

आता ‘२०२१ पासून काही लागत नाही’. हाउस बिल १९२७ हा कायदा १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाला. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला टेक्सासमध्ये राज्याच्या परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून फिरता येतं. उघडं ठेवायचं तर होल्स्टरमध्येच. इथपर्यंत ठीक. ‘कुठेही’ हा शब्द मात्र त्याच्या पदरचा. शाळा, न्यायालयं, मतदान केंद्रं, रुग्णालयं, विमानतळाचा तपासणीपलीकडचा भाग, शाळा-कॉलेजांचे आणि व्यावसायिक सामने आणि ज्यांची निम्म्याहून अधिक कमाई दारूवर आहे असे बार, सगळीकडे मनाई आहे. त्या बारच्या दारावर लाल अक्षरांत ‘५१%’ अशी पाटी असते. खासगी जागांचा मालकही पाटी लावून मनाई करू शकतो. विनापरवाना बाळगणाऱ्यांसाठी टेक्सासच्या दंडसंहितेतल्या ३०.०५ कलमाची पाटी वेगळी, परवाना घेऊन उघड लावणाऱ्यांसाठी ३०.०७ ची वेगळी. इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, एक-एक इंच उंचीच्या ठळक अक्षरांत. देवळाच्या, मंडळाच्या हॉलच्या, किराणा दुकानाच्या दाराशी ती असते, आणि आपण समोसे गरम आहेत का ते बघत आत शिरतो.

किराणा दुकानाच्या मॅनेजरने सांगताच तुम्ही बाहेर पडलात, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य. पाटीकडे दुर्लक्ष झालं तर साधारण २०० डॉलरपर्यंतच्या दंडाचं प्रकरण. तोंडी सांगूनही हटला नाहीत, की तेच क्लास ए गुन्ह्यात जातं : एक वर्षापर्यंत तुरुंग. ‘मला कायदा माहीत आहे’ म्हणून तिथे पाच मिनिटं वाद घातला असतात, तर आज हे पत्र तुमच्या वकिलाने लिहिलं असतं.

पोलीस विचारू शकत नाहीत, हेही खोटं. सुरक्षेसाठी गरजेचं वाटलं तर पोलीस अधिकारी तुमचं पिस्तूल तात्पुरतं काढून घेऊ शकतो. आणि लोक घाबरतील अशा बेताने शस्त्र दाखवणं हा टेक्सासमध्ये वेगळा गुन्हा आहे.

पण माझ्या पोटात गोळा आला तो शाळेच्या उल्लेखाने.

शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत, म्हणजे साधारण ३०५ मीटरच्या आत, बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत शिक्षा. खासगी शाळाही त्यात आल्या. या कायद्याचा इतिहास टेक्सासचाच आहे. सॅन अँटोनियोतल्या एका शाळेत विद्यार्थ्याकडे पिस्तूल सापडलं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९५ मध्ये न्यायालयाने मूळ कायदाच रद्द केला. पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यात दुरुस्ती करून तो परत आणला, आणि तो आजही लागू आहे. त्यातून सुटण्याचे मार्ग मोजके : तुम्ही शाळेची नसलेल्या खासगी जागेत आहात, किंवा पिस्तूल रिकामं आणि कुलूपबंद पेटीत आहे, किंवा त्या राज्याने पडताळणी करून दिलेला परवाना तुमच्याकडे आहे. आता गंमत बघा. टेक्सासने परवान्याची सक्ती काढली, परवाना काढून टाकला नाही. एलटीसी, म्हणजे राज्याचं ‘लायसन्स टू कॅरी’, अजूनही मिळतं, आणि ते असलेल्या माणसाला हा फेडरल अपवाद लागू होतो. ज्याने ‘आता लागतंय कशाला’ म्हणून ते काढलंच नाही, तो सकाळी पावणेआठला ड्रॉप-ऑफच्या रांगेत, मागच्या सीटवर मुलगी आणि कमरेला भरलेलं पिस्तूल अशा अवस्थेत, सरळ त्या कलमात बसतो. शिकारीचा परवाना इथे उपयोगाचा नाही. आणि ही शाळा आहे हे मला माहीत नव्हतं, असं तर तुम्ही म्हणूच शकत नाही.

‘दुकानदाराने सांगितलं होतं’ हा बचाव चालेल का? नाही. कायद्याचं अज्ञान ही सबब होत नाही, हे इथेही तितकंच खरं. टेक्सासच्या दंडसंहितेत कायद्याविषयीच्या गैरसमजाला थोडी जागा आहे, पण त्यासाठी न्यायालयाच्या निकालावर किंवा त्या कायद्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी असलेल्या खात्याच्या किंवा अधिकाऱ्याच्या अधिकृत लेखी अर्थावर तुम्ही विसंबलेले असला पाहिजेत. काउंटरमागच्या माणसाचं बोलणं यात कुठेच बसत नाही. २०१९ च्या रेहैफ प्रकरणाचा हवालाही तुम्हाला कुणीतरी देईल. स्टुडंट व्हिसा गमावलेल्या एका तरुणाने फ्लोरिडातल्या शूटिंग रेंजवर नेमबाजी केली, एवढीच ती हकिकत. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आपण बंदी असलेल्या वर्गात मोडतो हे आरोपीला माहीत होतं, ते सरकारने सिद्ध केलं पाहिजे. तुम्ही एच-वन-बीवर आहात हे तुम्हाला चांगलंच माहीत आहे. तेव्हा त्या निकालाचा आधार धरू नका.

व्हिसाबाबत मित्राचं म्हणणं सैल आहे, पण चुकीचं नाही. अटक नाही, खटला नाही, म्हणून आज तुमच्यावर काही आलेलं नाही. मात्र बंदूक बाळगण्याच्या कायद्याखाली दोषी ठरणं हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे, आणि त्यात लहान-मोठा गुन्हा असा भेद फारसा नाही. नॉन-इमिग्रंटने बेकायदा बंदूक ठेवण्याचा गुन्हा तर इमिग्रेशन कायद्यात ‘अॅग्रॅव्हेटेड फेलनी’च्या, म्हणजे सगळ्यात गंभीर गुन्ह्यांच्या, यादीत आहे. ग्रीन कार्डाचा आय-४८५ अर्ज फक्त अटकेबद्दल विचारून थांबत नाही. अटक झाली नसली तरी कधी गुन्हा केलात का, असंही तो विचारतो. त्या रकान्यात काय लिहायचं, हे तुम्ही एकट्याने ठरवू नका.

दुकानावर कारवाईचं म्हणाल, तर राग समजतो. पण चुकीचं बोलला म्हणून सेल्समनवर फौजदारी होत नाही, आणि तक्रार करायची तर आपण कुठे-कुठे पिस्तूल लावून गेलो ते स्वतःच्या सहीने लिहून द्यावं लागेल. हे विकतचं दुखणं घेऊ नका. त्याच कारणाने व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर यातलं अक्षरही टाकू नका. मला लिहिलंत, मी ओळख पटण्यासारखं सगळं गाळलं. पण अशा सदराला लिहिलेलं पत्र वकील-अशील गोपनीयतेत मोडत नाही, हेही लक्षात असू द्या.

पिस्तुलाचं काय करायचं? घाबरून मित्राला विकू नका. तोही व्हिसावर असेल तर दोघेही अडकाल. पत्नीच्या नावावर करायचं म्हणाल, तर एच-फोर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा, हाही नॉन-इमिग्रंटच, वर्क परमिट असलं तरी. शिकारीचा परवाना चालू असताना परवानाधारक डीलरकडे ते विकून किंवा विक्रीला ठेवून पावती घ्या. नेताना पिस्तूल रिकामं, कुलूपबंद पेटीत, डिकीत. तोवर घरी तिजोरीत. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं हाही टेक्सासमध्ये गुन्हा आहे, आणि तुमच्या घरात शाळकरी मुलगी आहे.

चोराच्या भीतीबद्दल एकच. उघड्या पिस्तुलाने चोर बिचकतो ही समजूत मला कधी पटली नाही. तुम्ही ऑफिसला गेलात की सोन्याबरोबर चोरण्यासारखी आणखी एक वस्तू या घरात आहे, एवढंच त्याला कळतं. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

या आठवड्यातच दोन वकील गाठा, एक फौजदारी आणि एक इमिग्रेशनचा, आणि दोघांना एकमेकांशी बोलायला सांगा. कंपनीचा इमिग्रेशन वकील नको, त्याचा पहिला अशील तुमची कंपनी आहे. सोबत न्यायचं ते असं : शिकारीचा परवाना, खरेदीची पावती, फॉर्मवर काय-काय लिहिलं ते आठवेल तसं, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) आणि आय-१४० चं मंजुरीपत्र.