टर्बो बदलण्याआधी पाइप उघडून बघा

प्रश्न : माझी 2011 ची डिझेल हॅचबॅक 1,45,000 किलोमीटर चालली आहे. सकाळी स्टार्ट केल्यावर धूर नसतो. पण वर्धा रोडवर सिग्नलला दोन-तीन मिनिटं थांबून रेस दिली, की मागे निळ्या धुराचा लोट उठतो. दर 2,000 किलोमीटरला लिटरभर ऑइल टाकावं लागतं. गॅरेजवाले म्हणतात, टर्बो गेला, नवीन टाका. टाकू का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : एवढ्यात नको. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय हे खरं, पण येतंय कुठून?

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. त्यात ऑइल प्रेशरने जातं, पण इंजिनखालच्या चेंबरमध्ये परत येतं ते निव्वळ उताराने. रिटर्न पाइप कार्बनने चोंदला किंवा ब्रीदर (चेंबरमधला गॅस बाहेर सोडणारी नळी) तुंबून चेंबरमध्ये दाब वाढला, की ऑइल टर्बोतच अडकतं. तिथलं सील रबराचं नसतं, पिस्टनच्या रिंगेसारखी धातूची कडी असते. पलीकडून गॅसचा दाब असेल तरच ती ऑइल थोपवते. आयडलिंगला तो दाब नसल्यासारखाच. मग ऑइल सायलेन्सरच्या बाजूला झिरपून साचतं आणि रेस दिली की जळतं. तुमचं लक्षण याच्याशी जुळतं. असं असताना नुसता टर्बो बदलला तर नवाही ऑइल फेकणार.

आधी डिपस्टिक बघा. लेव्हल वरच्या खुणेच्या वर असेल तर तेवढ्यानेही रिटर्न अडतो. मग इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. तिथून सतत फुंकत असेल तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे चेंबरमध्ये साचलेला गॅसचा दाब. ब्रीदर साफ करून पुन्हा बघा. तरी फुंकतच असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात.

नंतर गाडी थंड झाल्यावर एअर फिल्टरकडचा होज काढून टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवा. बाजूला किंचित हलणं चालतं, बेअरिंग ऑइलवर तरंगणारंच असतं. पण आत-बाहेर प्ले (ढिलेपणा) हाताला जाणवला किंवा पाती घासल्याची खूण दिसली, तर टर्बो गेलाच. इंटरकूलरच्या (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी) होजमध्ये ऑइलचा पातळ थर असतोच, त्याला घाबरू नका.

निकाल लागतो तो मागच्या बाजूला. टर्बोनंतरचा पाइप आणि टर्बोआधीचा मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर टर्बोकडे नेणारा), दोन्ही उघडायला लावा. मॅनिफोल्ड कोरडा आणि पुढचा पाइप ओला असेल तर गळती टर्बोतून. मॅनिफोल्डच ओला असेल तर ऑइल सिलिंडरमधून येतंय. व्हॉल्व्ह सील नाहीतर रिंगा. ही तपासणी सहसा कोणी करत नाही, कारण नट गंजलेले असतात.

टर्बो बदलावाच लागला तर ऑइलचा फीड पाइपही नवा घ्या, रिटर्न आरपार साफ करा आणि इंटरकूलर रिकामा करून घ्या. सायलेन्सरमधलं जुनं ऑइल जळेपर्यंत धूर येत राहील.

तोवर हायवेला गाडी दामटू नका. इंटरकूलरमधलं ऑइल ओढून डिझेल इंजिन स्वतःच पळत सुटू शकतं, मग चावी काढूनही बंद होत नाही. तसं झालं तर ब्रेक घट्ट दाबा, टॉप गियर टाका, क्लच झटकन सोडा. एअर इनटेकला हात लावायचा नाही.

प्रश्न : धूर कमी व्हावा म्हणून 20डब्ल्यू-50 ऑइल टाकावं का?
– एक वाचक, वाडी

उत्तर : मॅन्युअलमध्ये तो ग्रेड असेल तरच. जाड ऑइल स्टार्टला टर्बोपर्यंत उशिरा पोचतं आणि बेअरिंग झिजतं. त्यापेक्षा समृद्धीवरून उतरल्यावर गाडी लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलिंगला राहू द्या.