हंट्सव्हिलला येताय? भाग नंतर बघा, आधी मजला ठरवा

नमस्कार,

तुम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी पुण्याहून अलाबामातल्या हंट्सव्हिलला यायच्या विचारात आहात. नोकरीचं पत्र हातात आहे, पण २७ एप्रिल २०११ च्या टोर्नेडोंचे व्हिडिओ पाहून घरच्यांनी "तिकडे जायचंच कशाला" असा धोशा लावलाय. तुमचे प्रश्न तीन: नोकरी नाकारावी का, घर कोणत्या भागात घ्यावं, आणि एप्रिल टाळून ऑगस्टमध्ये आलं तर बरं का. मी २०११ मध्ये हंट्सव्हिलला लागूनच असलेल्या मॅडिसनमध्ये राहत होतो, आणि आजही तिथेच आहे. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर त्यात आलंच. टोर्नेडोच्या भीतीने चांगली नोकरी सोडू नका. मात्र इथे राहायचं तर काही गोष्टी अंगवळणी पडाव्या लागतात, आणि त्यांतली बरीचशी तयारी घराच्या करारावर सही करण्याआधीच करायची असते.

आधी त्या दिवसाबद्दल, कारण व्हिडिओत काळं नरसाळं दिसतं आणि माणसं का गेली ते दिसत नाही. २५ ते २८ एप्रिल २०११ या चार दिवसांत अमेरिकेच्या पूर्व-दक्षिण भागात साडेतीनशेच्या आसपास टोर्नेडो झाले. तीनशेहून जास्त लोक दगावले. त्यांतले बहुतेक २७ तारखेच्या बुधवारी गेले आणि सर्वाधिक अलाबामात. टोर्नेडोची तीव्रता इएफ-० ते इएफ-५ अशी मोजतात, ५ म्हणजे सगळ्यात जोरदार. इएफ-५ कित्येक वर्षं एकही होत नाही. त्या एका दिवसात मिसिसिपी आणि अलाबामात मिळून चार झाले. हॅकलबर्ग आणि फिल कॅम्पबेल ही दोन छोटी गावं उद्ध्वस्त करणारा टोर्नेडो जमिनीवरून सुमारे २१० किलोमीटर गेला, म्हणजे पुणे ते नाशिक. वाऱ्याचा अंदाजे वेग ताशी ३३५ किलोमीटरच्या आसपास आणि बळी सत्तरहून जास्त. हॅकलबर्गमध्ये रँग्लर जीन्सचं वितरण केंद्र होतं, गावाचा सगळ्यात मोठा रोजगार तोच. ते जमीनदोस्त झालं. तिथल्या घरांतले फोटो आणि कागदपत्रं वाऱ्याबरोबर थेट टेनेसीपर्यंत गेली, आणि सापडलेले फोटो मूळ मालकांना परत मिळावेत म्हणून लोकांनी फेसबुकवर पान उघडलं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला दुसरा एक, इएफ-४, टस्कलूसा शहरातून शिरून बर्मिंगहॅमच्या उपनगरांपर्यंत गेला. काही ठिकाणी तो दोन किलोमीटरहून रुंद होता. तो टीव्हीवर थेट दिसत होता, तरी साठहून जास्त लोक गेले.

हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या दिवशीचा अंदाज चुकला नव्हता. हवामान खातं काही दिवस आधीपासून सांगत होतं, २७ ला धोक्याची सगळ्यात वरची पातळी जाहीर झाली होती, आणि प्रत्यक्ष इशारे सरासरी वीस मिनिटांहून जास्त आधी मिळाले. या धंद्यात वीस मिनिटं म्हणजे चैन. तरीही माणसं गेली, त्याची कारणं वेगळी आहेत.

एक कारण पहाटेचं. दुपारच्या मोठ्या टोर्नेडोंआधी पहाटे वादळांची एक रांग येऊन गेली होती. तिने झाडं पाडली, मोठ्या भागातली वीज घालवली, आणि हवामान रेडिओचे, म्हणजे फक्त हवामानाची माहिती आणि इशारे देणाऱ्या सरकारी रेडिओचे, काही मनोरेही बंद पाडले. त्यामुळे दुपारी खरं संकट आलं तेव्हा कित्येक घरांत टीव्ही नव्हता, इंटरनेट नव्हतं, फोनची बॅटरी संपत आलेली. वर पुष्कळांना वाटलं, आजचं जे व्हायचं ते सकाळीच झालं. म्हणून इशारा मिळण्याचे किमान दोन स्वतंत्र मार्ग हवेत, आणि त्यातला एक विजेवर अवलंबून नको. तीस-चाळीस डॉलरचा बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ पहिल्याच आठवड्यात घ्या. त्यात तुमच्या काउंटीचा (म्हणजे इथल्या जिल्ह्याचा) कोड घालायचा, म्हणजे तो रात्री तीनला झोपेतूनही उठवतो. इथे एक गंमत आहे: मॅडिसन शहराचा काही भाग मॅडिसन काउंटीत आहे आणि काही लाइमस्टोन काउंटीत. हंट्सव्हिलचंही तसंच. नवे आलेले लोक पिनकोड तोंडपाठ करतात आणि काउंटी विचारली की गोंधळतात. टीव्हीवरचे इशारे मात्र काउंटीच्या नावानेच येतात, तेव्हा आपली आणि पश्चिमेकडची शेजारची काउंटी माहीत हवी, कारण वादळं बहुधा नैर्ऋत्येकडून येतात.

२०१२ पासून मोबाइलवर सरकारी इशारे थेट येतात. तो कर्कश आवाज ऐकून लोक पहिलं काम करतात ते म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करणं. करू नका. भारतातून आणलेला फोन वापरणार असाल तर ते इशारे चालू आहेत का, आल्या आल्या तपासा.

आणि भोंगा. तुम्ही लिहिलंय, "सायरन वाजतोच ना". वाजतो, पण तो घराबाहेर असलेल्यांसाठी आहे. खिडक्या बंद, एसी चालू, पावसाचा मारा, तुम्ही गाढ झोपेत. अशा वेळी तो ऐकू येईलच असं नाही. बर्मिंगहॅमचे टीव्ही हवामानतज्ज्ञ जेम्स स्पॅन वर्षानुवर्षं हेच कळकळीने सांगत आलेत की भोंग्यावर विसंबू नका. स्पॅन म्हणजे इथला घरचा माणूस. त्यांनी कोट काढला आणि नुसते गॅलस दिसायला लागले की प्रकरण गंभीर आहे हे ओळखून अख्खं राज्य टीव्हीसमोरून उठतं.

'वॉच' आणि 'वॉर्निंग' हे शब्द सारखे कानावर येतील. वॉच लागला म्हणजे पुढच्या काही तासांत टोर्नेडो होण्यासारखी हवा आहे: फोन चार्ज करा, बूट जवळ ठेवा, मुलीला लांबच्या क्लासला पाठवू नका. वॉर्निंग लागली म्हणजे रडारवर दिसलाय किंवा कुणी डोळ्यांनी पाहिलाय: आत जा, लगेच. या दोहोंच्या मध्ये बाहेर जाऊन आभाळ बघून खात्री करायची एक सवय असते, ती आपल्याकडेही आहे आणि इथल्या लोकांतही आहे. अलाबामात तिचा उपयोग नाही. डोंगर, दाट झाडी आणि पावसाचा पडदा यांमुळे टोर्नेडो दारात येईपर्यंत दिसत नाही, आणि पुष्कळसे रात्री येतात.

तुम्ही मूळचे श्रीवर्धनचे आहात म्हणून सांगतो. जून २०२० मधलं निसर्ग वादळ तुमच्या घरच्यांनी अनुभवलंय. चक्रीवादळात दोन-तीन दिवस मिळतात, माणसं हलवता येतात. इथे मिळतात मिनिटं, त्यामुळे गाडीत बसून पळायचा विचार सोडून द्या. १५ नोव्हेंबर १९८९ ला हंट्सव्हिलमध्येच एअरपोर्ट रोडवर ऑफिस सुटायच्या वेळी एफ-४ (तेव्हाच्या जुन्या मापाने) टोर्नेडो आला. २१ माणसं गेली, त्यांतली कित्येक गाड्यांत होती. गाडीत असताना गाठलंच तर जवळचं पक्कं दुकान किंवा पेट्रोलपंपाची इमारत गाठून आत जायचं. पुलाखाली थांबायचं नाही. तिथे वारा उलट जास्त जोराने घुसतो, आणि मे १९९९ मध्ये ओक्लाहोमात पुलांखाली आसरा घेतलेली माणसं दगावली. खिडक्या उघडून ठेवल्या की घर वाचतं, हीसुद्धा लोककथाच.

हंट्सव्हिलच्या त्या १५ नोव्हेंबरच्या तारखेत एप्रिल टाळण्याच्या तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आहे. मार्च ते मे हा मुख्य हंगाम, पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इथे दुसरा हंगाम असतो. १० डिसेंबर २०२१ च्या रात्री केंटकीतलं मेफिल्ड उद्ध्वस्त झालं आणि मेणबत्त्यांच्या कारखान्यात रात्रपाळीवर असलेले काही कामगार गेले. तेव्हा ऑगस्टमध्ये या, जरूर या, पण ते शाळा तेव्हा सुरू होते म्हणून. नोकरीच्या ठिकाणी पहिल्याच दिवशी विचारा की इशारा लागला तर कुठे जमायचं. बड्या संस्थांमध्ये ते नेमून दिलेलं असतं. छोट्या भाड्याच्या ऑफिसात कुणाला पत्ता नसतो.

आता घर. "कोणता भाग सुरक्षित" याला उत्तर नाही. २०११ चा तो लांबलचक टोर्नेडो टॅनर आणि हार्वेस्टवरून गेला, आज तिथे नव्या वसाहती आहेत आणि आपली बरीच मंडळी आनंदाने राहतात. डोंगराआडचा भाग वाचतो, नदीपाशी टोर्नेडो वळतो, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. शाळा, ऑफिस आणि भाडं बघून भाग ठरवा. मजला मात्र माझं ऐकून ठरवा.

इथली घरं लाकडी सांगाड्याची असतात. आपल्या आरसीसीच्या सवयीने ती आपल्याला पुठ्ठ्याची वाटतात, आणि पुष्कळ घरांना तळघरही नसतं. अपार्टमेंट घ्याल तर तळमजला घ्या. तिसऱ्या मजल्यावर उजेड छान, वर कुणी नाचत नाही, भाडंही कधी कमी, हे सगळं खरं. पण इशारा लागला की मुलीला कडेवर घेऊन, पावसात, उघड्या जिन्याने खाली यायचं आणि मग कुणाचं दार ठोठवायचं? तळमजला मिळालाच नाही तर खालच्या शेजाऱ्याशी आधी ओळख करून ठेवा, किंवा वॉच लागल्यावरच जवळच्या सार्वजनिक निवाऱ्यात जा. फ्लोअर प्लॅनमध्ये बाहेरची एकही भिंत नसलेली, खिडकी नसलेली छोटी खोली शोधा: कपड्यांचं क्लोझेट, न्हाणीघर, जिन्याखालची जागा. जितक्या जास्त भिंती मध्ये, तितकं बरं. पुढे घर विकत घ्याल तेव्हा गॅरेजमध्ये पोलादी सेफ रूम बसवता येते. त्या ताशी २५० मैलांच्या वाऱ्याला टिकाव्यात अशा मापाने बनवतात. फिरती घरं, म्हणजे इथली मोबाइल होम, भाडं कितीही कमी असलं तरी नकोत. कमी ताकदीच्या टोर्नेडोतही ती उलटतात.

खरं सांगायचं तर इएफ-४ किंवा ५ थेट अंगावर आला तर साध्या घराची आतली खोलीही पुरेलच याची खात्री नाही. पण बहुसंख्य टोर्नेडो दुबळे असतात, आणि मोठ्या टोर्नेडोच्याही पट्ट्यात सगळीकडे सारखा जोर नसतो. त्या खोलीने पुष्कळ जीव वाचवलेत.

त्या खोलीत काय ठेवायचं याच्या याद्या भरपूर मिळतील. आपल्या लोकांसाठी म्हणून दोन-तीन गोष्टी सांगतो. आपण चपला-बूट दाराशी काढतो. घर कोसळलं तर बाहेर पडताना पायाखाली काचा आणि खिळे असतात आणि आपण अनवाणी. प्रत्येकाची जुनी बुटांची जोडी क्लोझेटमध्येच असू द्या. दुसरं, हेल्मेट. डोक्याला मार लागून माणसं जातात, म्हणून २०११ नंतर डॉक्टर आणि हवामानवाले दोघंही हेल्मेटवर भर देतात. मुलीचं सायकलचं, तुमचं क्रिकेटचं, काहीही चालेल. तिसरं, पासपोर्ट, व्हिसाची मंजुरीपत्रं, विवाहाचा आणि जन्माचा दाखला एका जलरोधक पिशवीत, आणि त्यांच्या प्रती क्लाउडवर. इथल्या माणसाचं घर गेलं तर घर जातं. आपले कागदही गेले तर इथे राहण्याचा पुरावा नव्याने गोळा करत बसावं लागतं. भाड्याच्या घराचा विमा महिन्याला थोडक्यात मिळतो, तो घ्या. गाडीचा विमाही गारपिटीचं नुकसान भरून देणारा हवा, कारण टोर्नेडो चुकला तरी गारा चुकत नाहीत.

वहिनींना सुरुवातीला गाडी आणि नोकरी नसेल, तर दिवसा त्या मुलीबरोबर एकट्या असतील. म्हणून हे सगळं तुम्ही एकट्याने वाचून उपयोग नाही. पुढे आई-बाबा येतील तेव्हा त्यांनाही ती खोली दाखवून ठेवा. माझे आई-वडील आले तेव्हा भोंग्याची महिन्याची चाचणी वाजली आणि दोघंही कुठे आग लागली ते बघायला अंगणात गेले.

मुलीच्या शाळेचंही विचारा. १ मार्च २००७ ला अलाबामातल्याच एंटरप्राइज हायस्कूलमध्ये टोर्नेडोने आठ विद्यार्थ्यांचा जीव घेतला. त्यानंतर राज्याने नव्या शाळांना सुरक्षित खोली बांधणं सक्तीचं केलं. जुन्या इमारतींना ते लागू नाही. शाळा याचं उत्तर व्यवस्थित देतात, विचारायला संकोचू नका.

टोर्नेडो गेल्यानंतरचे दिवस कुणी धरतच नाही. २०११ मध्ये मोठ्या वीजवाहिन्या कोसळल्या, जवळच्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राच्या तिन्ही अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या, आणि आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. पेट्रोलपंप बंद, कार्ड चालत नाही, रात्री संचारबंदी. लोक पेट्रोल आणि बर्फासाठी टेनेसीत जात होते. तेव्हा हंगामात गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका आणि थोडी रोख घरात ठेवा. शेगडी बहुधा विजेची असते, म्हणून डाळ-तांदळाचा साठा कामाचा नाही. पातळ पोहे, दाण्याचं कूट, मेतकूट आणा: दडपे पोहे करायला शेगडी लागत नाही. कोळशाची ग्रिल मात्र घरात पेटवू नका आणि जनरेटर गॅरेजमध्ये चालवू नका. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, आणि वादळातून वाचलेली माणसं त्याने जातात.

अपार्टमेंटची निवड दोन-तीनवर आली की त्यांचे फ्लोअर प्लॅन मला पाठवा. आतली खोली कोणती धरायची ते बघून सांगतो. मॅनेजरला तळमजल्यासाठी आत्ताच ईमेल करून ठेवा. ऑगस्टमध्ये शाळा-कॉलेजच्या वेळी तळमजले आधी संपतात.