‘तपास चालू आहे’ आणि ‘राष्ट्रीय सुरक्षा’, याच्या पुढे सामान्य माणसाला जाता येतं का?

तुम्ही विचारलंय की पोलीस, खटले, सैन्य यांच्या कारभाराबद्दल सरकारला जाब विचारायचा खरंच काही मार्ग आहे का, की ही दोन वाक्यं ऐकून घरी परत यायचं. मी वकील नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारात आमची तिसरी पिढी राहते, आणि मी बँकेत हिशेब तपासण्यात आयुष्य काढलं. त्या नोकरीने एक खोड लावली: समोरचा काय सांगतो ते ऐकून घ्यायचं आणि मग व्हाउचर मागायचं. सरकारशी बोलताना मला तीच खोड उपयोगी पडली, म्हणून लिहितो.

आधी घरचा किस्सा. २०१९ मध्ये बायको मांडवीकडून चालत येत होती. दोन पोरं बाईकवर आली आणि गळ्यातली साखळी ओढून गेली. इथे याला ‘अछोडा तोड’ म्हणतात. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब अगदी गोड बोलले, पाणी दिलं आणि म्हणाले, ‘काका, अरजी लखी आपो.’ आम्ही अर्ज लिहून दिला. नंतर कळलं की ‘जाणवाजोग’ नोंद झाली आहे. म्हणजे कळलं एवढंच लिहून ठेवलं. गुन्हा दाखल नाही, तपास नाही, आणि वर्षाअखेरीस आकडाही वाढत नाही.

जबरी चोरी दखलपात्र, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करता येतो असा गुन्हा. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. मी वाद घातला नाही. पोलीस आयुक्तांच्या नावाने रजिस्टर्ड पोस्टाने एक पानी पत्र पाठवलं, अर्जाची तारीख आणि पोच जोडली आणि खाली फक्त दोन प्रश्न लिहिले: एफआयआर क्रमांक काय, आणि नसल्यास न नोंदवण्याचा निर्णय कोणी कोणत्या तारखेला घेतला? थोड्याच दिवसांत ठाण्यातूनच फोन आला आणि एफआयआर झाला. (साखळी आजवर मिळालेली नाही. उगाच आशा लावत नाही.)

या पत्रात ‘तुम्ही असं का केलंत’ हा प्रश्न नव्हता. माहिती अधिकारातही ‘का’ फारसा चालत नाही. माहिती अधिकाऱ्याने नोंदीत असलेलं द्यायचं असतं, मत किंवा खुलासा तयार करून द्यायचा नसतो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं, तेव्हापासून दर दुसऱ्या नकारात ते वाक्य येतं. म्हणून ‘का’ खिशात ठेवा आणि क्रमांक, तारीख, सही मागा. ज्या निर्णयावर कोणाची सहीच नाही, तो कागद मागितला की कचेरीत खुर्च्या हलायला लागतात.

माझी पुढची पायरी म्हणजे त्याच ठाण्याकडे माहिती अर्ज: वर्षभरात साखळी ओढल्याचे अर्ज किती आले आणि एफआयआर किती झाले. गुजरातमध्ये शुल्क २० रुपये, केंद्र सरकारकडे १०. उत्तर आलं, ‘कलम ८(१)(ज) अन्वये तपासात बाधा येत असल्याने माहिती देता येत नाही.’ आता आकड्याने कोणत्या चोराला सुगावा लागणार होता? दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटलं आहे की तपास चालू असणं हे नकाराचं कारण होत नाही, माहिती दिल्याने तपास कसा अडेल ते अधिकाऱ्याला दाखवावं लागतं. तेवढंच लिहून ३० दिवसांच्या आत पहिलं अपील केलं, आणि आकडे मिळाले. एका ठाण्याच्या आकड्यावरून शहराबद्दल बोलू नये म्हणून ते इथे देत नाही. अर्ज आणि एफआयआर यांच्यातलं अंतर पाहून मला हसू आलं नव्हतं, एवढं सांगतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि यात दोन्ही बाजूंनी बदल झाला. चांगला बदल असा की कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ९१व्या दिवशी तुम्ही हे लेखी मागू शकता, आणि हे फार कमी लोक मागतात. दुसरा बदल मला तितकासा आवडलेला नाही. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत एफआयआर आधी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. म्हणजे आमच्या ‘अरजी’ला आता कायद्याचं छप्पर मिळालं. पण त्यासाठी उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. तेव्हा तुम्हाला ‘चौकशी चालू आहे’ असं सांगितलं की परवानगीची तारीख विचारा.

ठाण्यात मारहाण झाली असेल तर मात्र अर्जाची वाट पाहू नका. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितले आणि चित्रण १८ महिने, तेवढी सोय नसेल तर निदान एक वर्ष, जपायला सांगितलं. प्रत्यक्षात नेमका त्याच दिवशी कॅमेरा बंद असतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच ‘अमुक तारखेचं अमुक वेळेचं चित्रण नष्ट करू नये’ असं पत्र वरिष्ठांकडे आणि राज्य मानवी हक्क आयोगाकडे टाकायचं. बडोद्याशेजारी खेडा जिल्ह्यात उंढेला गावी ऑक्टोबर २०२२ मध्ये पोलिसांनी काही माणसांना खांबाला धरून भर चौकात फटके मारले. तिथे तर चित्रण लोकांच्या मोबाईलमध्येच होतं. गुजरात उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये चार पोलिसांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल १४ दिवसांची साधी कैद सुनावली. आधार होता १९९६ च्या डी. के. बसू निकालातल्या अटकेच्या नियमांचा. शिक्षेला पुढे सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. तरी चित्रण नसतं तर तेवढंही झालं नसतं.

आता मोठी गोष्ट. बडोद्याचा माणूस या विषयावर लिहितो आणि बेस्ट बेकरी टाळतो, असं व्हायला नको. १ मार्च २००२ च्या रात्री दंगलीत हनुमान टेकरी भागात ती बेकरी पेटवली, १४ माणसं मेली. इथल्या जलदगती न्यायालयाने जून २००३ मध्ये सगळ्या २१ आरोपींना सोडलं. साक्षीदार एकामागून एक फिरले होते. फिर्याद कोणाची? सरकारची. तपास कोणाचा? सरकारी पोलिसांचा. सरकारी वकील कोणी नेमला? सरकारनेच. आणि निकालाविरुद्ध अपील नीट करायचं की नुसतं उरकायचं, तेही सरकारच्याच हातात. बँकेत एकाच माणसाने चेक लिहायचा, पास करायचा आणि लेजरही त्यानेच मांडायचं, असं चालत नाही. पहिल्याच ऑडिटला तो माणूस घरी जातो. इथे ते चाललं, आणि उच्च न्यायालयातही तो निकाल कायम राहिला.

दार बाहेरून ठोठावलं गेलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १२ एप्रिल २००४ ला न्यायालयाने खटला पुन्हा चालवायला सांगितला, तोही गुजरातबाहेर, महाराष्ट्रात. सरकारी वकील बचाव पक्षासारखा वागला, असं न्यायालयाने लिहून ठेवलं आहे. मुंबईत २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली, २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यातल्या चौघांची कायम ठेवली. दहा वर्षं! आमच्याकडे सूरसागरच्या काठी १८९६ सालचं न्यायमंदिर उभं आहे. त्याच्यासमोरून जाताना अजून मनात येतं की या गावाला आपला खटला मुंबईला पाठवावा लागला.

तसा सत्ताधाऱ्याला जाब विचारण्याचा बडोद्याचा इतिहास जुनाच आहे, आणि तोही सरळ नाही. १८७५ मध्ये रेसिडेंट (दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) कर्नल फेअरवर विषप्रयोगाचा आरोप ठेवून इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांची चौकशी केली. आयोगात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद, आणि मतं फुटली ती अशीच, तीन विरुद्ध तीन. गुन्हा शाबीत झाला नाही म्हणून इंग्रज थांबले का? ‘गैरकारभार’ हे दुसरं कारण पुढे करून महाराजांना गादीवरून काढलंच. आमचे आजोबा ही गोष्ट सांगताना म्हणायचे, ज्याचा तराजू त्याचंच वजन.

संरक्षणाचं थोडं वेगळं आहे. तिथे दारं कमी, पण जी आहेत ती पैशाच्या बाजूने उघडतात. लोकांना वाटतं लष्कराला माहिती अधिकार लागूच नाही. चूक. भूदल, नौदल, वायुदल कायद्यात आहेत आणि उत्तरंही देतात. डीआरडीओ (संरक्षण संशोधन संस्था), सीमा सुरक्षा दल, गुप्तचर विभाग वगैरे त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत, त्यांना कलम २४ ची सूट आहे. तरी भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाची माहिती त्यांच्याकडूनही मागता येते. शिवाय कलम ८(२) म्हणतं की लोकहित जास्त वजनाचं असेल तर सरकारी गुपितांचा कायदाही आड येत नाही. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीवरच्या फेरविचार अर्जांत सरकारने फुटलेल्या कागदांवर ते गुप्त ठेवण्याचा विशेषाधिकार सांगितला, तेव्हा १० एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारताना याच कलमाकडे बोट दाखवलं. पुढे ते फेरविचार अर्जही फेटाळले गेले, हेही खरं.

पण मला विचाराल तर संरक्षणात अर्जाआधी छापील कागद वाचा. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, २०१७ चा दारूगोळ्यावरचा अहवाल घ्या: १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नव्हता. २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षण स्थायी समितीसमोर उपलष्करप्रमुखांनी सांगितलं की लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट वर्गातली आहे. हेच मी अर्जात विचारलं असतं तर ‘देशाची सुरक्षा’ म्हणून दुसऱ्या दिवशी नकार आला असता. समितीच्या अहवालात मात्र ते चक्क छापलेलं होतं. त्यानंतर काही संरक्षण अहवाल संसदेत मांडले गेले पण कॅगच्या संकेतस्थळावर आले नाहीत. शत्रूला कळेल म्हणे. शत्रू संसदेचं ग्रंथालय वापरत नाही, असं गृहीत धरलेलं दिसतं. आणि राफेलचा २०१९ चा कॅग अहवाल तर आमच्यासारख्या हिशेबनीसांसाठी करमणूकच: व्यवहार २.८६ टक्के स्वस्त, पण किमतींवर काळी पट्टी. बेरीज झाकलेली, वजाबाकीचं उत्तर उघडं.

जिथे पोलीस आणि सैन्य दोन्ही एकाच भिंतीला टेकतात ती जागा म्हणजे खटल्याची मंजुरी. सरकारी नोकराने कामाच्या ओघात केलेल्या कृत्याबद्दल खटला चालवायला बहुतेक वेळा सरकारचीच परवानगी लागते. नव्या संहितेच्या कलम २१८ प्रमाणे ती १२० दिवसांत द्यायची किंवा नाकारायची, नाहीतर मिळाली असं धरलं जातं. ही खरी सुधारणा आहे. अशांत भागात लष्कराला विशेष अधिकार देणाऱ्या अफ्स्पा कायद्याच्या कलम ६ ला अशी मुदत नाही. नागालँडमध्ये ओटिंगला डिसेंबर २०२१ मध्ये लष्कराच्या कारवाईत खाणीतून परतणारे मजूर आणि नंतर गावकरी मारले गेले. राज्याच्या विशेष तपास पथकाने ३० जवानांवर आरोपपत्र ठेवलं, केंद्राने मंजुरी नाकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्यवाही बंद केली. मंजुरी मिळाली तर पुढे चालवता येईल, असं म्हणून. माझ्या मते लढवायला हवा तो हाच मुद्दा. नाकारायचा हक्क सरकारने ठेवावा, पण मुदत हवी आणि कारणं उघड हवीत.

शेवटचं, आमच्या गावातलं. इथे टाटा-एअरबसचा सी-२९५ विमानांचा कारखाना झाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताचे आणि स्पेनचे असे दोन पंतप्रधान उद्घाटनाला आले आणि अख्खं शहर रस्त्याच्या कडेला उभं होतं. मीही होतो, अभिमान वाटलाच. करार २१,९३५ कोटींचा, विमानं ५६, त्यातली १६ स्पेनहून तयार आणि ४० बडोद्यात बनायची. सरकारी आयुध कारखान्याला थेट माहिती अर्ज करता येतो. इथे कारखाना खासगी, म्हणून त्याला अर्ज लागू नाही, विचारायचं ते संरक्षण मंत्रालयाला. संरक्षण उत्पादन जसं खासगीत जाईल तशी ही खिडकी बारीक होत जाणार आहे, आणि याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. करार झाला तेव्हा बडोद्यात बनलेलं पहिलं विमान सप्टेंबर २०२६ मध्ये मिळेल असं जाहीर झालं होतं. मी ती तारीख कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे आणि दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.