मेम्फिसला बार्बेक्यू खायचंय, पण नेमकं कुठे?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये बरीच वर्षं राहिलेय, त्यामुळे तिथल्या खाण्याबद्दल कोणी विचारलं की मला राहवत नाही. या वेळी आलेले बरेचसे प्रश्न तिथलेच आहेत, म्हणून सगळे एकत्र घेतेय.

प्रश्न: नमस्कार ताई, मुलगा मेम्फिसला फेडेक्समध्ये आयटीत आहे. मी आणि बायको ऑक्टोबरमध्ये जातोय, त्याला सुट्टी मिळणार नाही त्यामुळे दिवसा आमचं आम्हीच फिरणार. तिथलं बार्बेक्यू खायचंच असं ठरवलंय, पण मोबाईलवर शोधलं तर ढीगभर दुकानं येतात आणि सगळ्यांना साडेचार स्टार! टुरिस्ट लोकांचं नको, लोकल लोक जातात असं एकच बेस्ट ठिकाण सांगा ना. — एक वाचक, ठाणे

उत्तर: दादा, एकच ठिकाण नाही सांगणार, आणि हे टाळाटाळ म्हणून नाही तर मेम्फिसचा प्रकारच तसा आहे म्हणून. तिथल्या माणसाला "बेस्ट बार्बेक्यू कुठे" असं विचारलंत तर तो पाहुण्याला सांगायचं म्हणून एखादं मोठं नाव सांगून मोकळा होईल, पण "तुम्ही स्वतः रिब्ज (म्हणजे बरगड्या) कुठे खाता" आणि "सँडविच कुठे खाता" असं वेगवेगळं विचारलंत तर तोच माणूस दोन वेगळी दुकानं सांगेल, चिकनसाठी तिसरं सांगेल आणि शिवाय दुकानात काय मागवू नका तेही सांगेल. प्रत्येक जुन्या दुकानाचा एक पदार्थ असतो ज्यावर ते दुकान उभं आहे, तो तिथे खायचा आणि पुढे जायचं. एकाच ठिकाणी बसून सगळा मेन्यू मागवणं हा पैसे आणि भूक दोन्ही वाया घालवायचा प्रकार.

आता नावं सांगते. सँडविचसाठी लामार अ‍ॅव्हेन्यूवरचं पेन्स. 1972 पासून आहे, जुन्या पेट्रोल पंपाच्या इमारतीत, आत बघण्यासारखं काही नाही, साधी टेबलं. तुम्ही ऑर्डर दिली की आतून सुरीचा टकटक टकटक आवाज येतो, म्हणजे डुकराच्या खांद्याचं मांस तुमच्यासाठी बारीक चिरलं जातं, बाहेरचा काळपट कुरकुरीत भाग आणि आतला मऊ भाग एकत्र, मग बनमध्ये भरून वर सॉस आणि त्यावर मोहरीचा पिवळाधमक स्लॉ. स्लॉ म्हणजे आपल्या कोबीच्या कोशिंबिरीसारखा प्रकार, पण इथे तो बाजूला वाटीत नाही येत, सँडविचच्या आतच असतो, मेम्फिसची पद्धतच ती. काढून टाका म्हणू नका, मांसाचा चरबटपणा त्या आंबट चवीनेच कापला जातो. सॉस हॉट का माइल्ड विचारतील, आपल्या जिभेला हॉट आरामात चालतो.

रिब्जसाठी डाउनटाउनमधलं रॉन्देव्हू. हे टुरिस्टांचं आहे असं तुम्हाला पुष्कळ जण सांगतील, आणि गर्दी असते हे खरंय, तरी मी जा म्हणेन. 1948 साली चार्ली व्हर्गोस या ग्रीक घरातल्या माणसाने सुरू केलं, तळघरात कोळसा उतरवायची जुनी वाट सापडली, तिचं धुराडं केलं आणि तिथेच मांस भाजायला सुरुवात केली. पीबॉडी हॉटेलच्या समोरच्या गल्लीतून आत शिरायचं, वास आधी येतो मग दार दिसतं. इथल्या रिब्ज तासन्‌तास धुरात ठेवत नाहीत, कोळशाच्या आचेवर भाजतात, व्हिनेगरचं पाणी मारतात आणि वरून कोरडा मसाला टाकतात, म्हणून काही कट्टर लोक याला बार्बेक्यू मानायलाच तयार नसतात. मानू देत. चव दुसरीकडे कुठे मिळत नाही ना, मग झालं. संध्याकाळी पाचला पीबॉडीच्या लॉबीत बदकांची परेड असते, ती बघून सरळ खाली जेवायला जा, वहिनींना पण आवडेल.

तिसरं नॉर्थ पार्कवेवरचं कोझी कॉर्नर, माझं सगळ्यात लाडकं. 1977 मध्ये रेमंड आणि डेझिरी रॉबिन्सन या नवराबायकोने सुरू केलं, रेमंड गेल्यावर डेझिरीबाईंनी ते सांभाळलं, आणि 2020 मध्ये त्यांचं नाव अमेरिकेच्या बार्बेक्यू हॉल ऑफ फेममध्ये गेलं. तिथे कॉर्निश हेन मागवा, म्हणजे एका माणसाला पुरेल एवढी छोटी अख्खी कोंबडी, धुरात भाजलेली, कातडी तांबूस आणि हाडापर्यंत मसाला मुरलेला. या शहरातलं बार्बेक्यू मुळात काळ्या लोकांच्या हातांनी घडलंय, आणि यातली बरीच दुकानं कुटुंबं चालवतात, पुढची पिढी गल्ल्यावर असते, तेव्हा खाऊन झाल्यावर दोन शब्द बोला, फार आपुलकीने बोलतात माणसं.

आणि यादीत नसलेलं दुकान दिसलं तर कसं ओळखायचं? मागच्या बाजूला जा आणि लाकडाची रास आहे का बघा, बहुतेक ठिकाणी हिकरीचं लाकूड किंवा कोळसा असतो. धुराडं काळं झालेलं हवं. पार्किंगमध्ये कामावरच्या ट्रक आणि युनिफॉर्ममधली माणसं दिसली, दुपारी साडेअकरालाच रांग लागली, मेन्यू फळ्यावर मावेल एवढाच असला, की बिनधास्त आत शिरा. उलट मेन्यूत पास्त्यापासून सुशीपर्यंत सगळं असेल तर मागे फिरा. स्टार बघू नका, लोकांनी टाकलेले फोटो बघा, मांसाच्या कडेला काळी खपली दिसतेय का सगळंच सॉसमध्ये बुडालंय ते लगेच कळतं.

वेळ मात्र सांभाळा. खांद्याचं मांस रात्रभर शिजतं, सकाळी तयार होतं, म्हणून दुपारचं जेवण हेच खरं जेवण, संध्याकाळपर्यंत काही दुकानांत माल संपतो. रविवारी-सोमवारी बरीच जुनी दुकानं बंद असतात, त्यामुळे निघायच्या आधी फोन करून विचारा. आणि गाडी लागेल, बसच्या भरवशावर ही तीन ठिकाणं एका दिवसात होणार नाहीत, मुलगा गाडी देत नसेल तर उबर करा.

प्रश्न: ताई, मेन्यूत ड्राय आणि वेट असं लिहिलेलं असतं ते काय? आणि मागच्या ट्रिपला मांस आतून गुलाबी निघालं, मिस्टरांनी कच्चं आहे म्हणून प्लेट परत पाठवली. बरोबर केलं का? — एक वाचक, नाशिक

उत्तर: ड्राय म्हणजे वरून फक्त कोरडा मसाला, पॅप्रिका, लसूण पावडर, मिरी, मीठ असं काय काय, प्रत्येकाचं प्रमाण वेगळं आणि कोणी सांगत नाही. वेट म्हणजे भाजताना आणि भाजल्यावर सॉस फासलेला, टोमॅटो, व्हिनेगर आणि मोलॅसिसचा, म्हणजे काकवीच्या जातीतला गोडवा. मेम्फिस मिसिसिपीवरचं बंदर, तेव्हा मोलॅसिस नदीतूनच यायचं असं तिथले लोक सांगतात. पहिल्यांदा खाताय तर ड्राय घ्या, सॉस बाजूला मागा. स्लॅब म्हणजे बरगड्यांची अख्खी पट्टी, अर्धा स्लॅब घेतला तर एका माणसाला भरपूर होतो, पूर्ण स्लॅबमध्ये साधारण बारा-तेरा हाडं असतात.

आणि गुलाबी रंगाचं म्हणाल तर प्लेट परत पाठवायची गरज नव्हती. लाकूड जळताना जो नायट्रिक ऑक्साइड वायू निघतो तो मांसातल्या मायोग्लोबिनला, म्हणजे मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो आणि बाहेरच्या खपलीच्या लगेच खाली गुलाबी पट्टा तयार होतो, त्याला स्मोक रिंग म्हणतात, धुरात नीट शिजवल्याची ती खूण मानतात. आच मंद असते, 110 ते 120 डिग्री सेल्सियसच्या आसपास, आणि खांदा आतून 90 च्या वर जाईपर्यंत ठेवतात, कारण त्यातल्या चिवट नसा विरघळून मऊ व्हायला तेवढं तापमान आणि तेवढा वेळ लागतोच. म्हणजे ते कच्चं नसतं, आपल्या नेहमीच्या मटणापेक्षा जास्तच शिजलेलं असतं. अगदी मधोमध गार, रबरासारखं आणि ओलसर लागलं तर मात्र सांगा, तो दोष वेगळा.

प्रश्न: आम्ही बीफ खात नाही, सासूबाई तर पूर्ण शाकाहारी. त्यांना घेऊन अशा दुकानात जावं का, का त्यांना घरीच जेवायला घालून न्यावं? — एक वाचक, पुणे

उत्तर: बीफ खात नसाल तर टेक्सासपेक्षा मेम्फिस तुमच्यासाठी कितीतरी सोपं, कारण टेक्सासात सगळं ब्रिस्केटभोवती फिरतं, म्हणजे गायीच्या छातीचं मांस, आणि मेम्फिसमध्ये राज्य डुकराचं, त्याच्या जोडीला कोंबडी. तरी दोन गोष्टी विचारायच्याच. बलोनी म्हणजे जाड सॉसेजचा एक प्रकार, त्याचं सँडविच तिथे खूप चालतं, जाड काप भाजून देतात, त्यात बीफ असू शकतं. सॉसेजचंही तसंच.

शाकाहारी माणसाचं अवघड आहे, खोटं कशाला सांगू. बेक्ड बीन्स दिसायला राजम्यासारखे, पण त्यात बहुतेक वेळा पोर्कचे तुकडे असतात. हिरव्या पालेभाज्या डुकराच्या हाडाबरोबर शिजवतात. बार्बेक्यू स्पॅगेटी हा मेम्फिसचा खास प्रकार, मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या बार-बी-क्यू शॉपमध्ये फार सुंदर मिळतो, पण त्यातही पोर्क. कोलस्लॉ आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये मेयोनीज, म्हणजे अंडं. मॅक अँड चीज, म्हणजे चीजमधली मॅकरोनी, बऱ्यापैकी सेफ, फ्राइज आणि तळलेली भेंडी सेफ, पण तेल वेगळं असतं का ते विचारा कारण बऱ्याच ठिकाणी त्याच तेलात मासेही तळतात. "यात मांस आहे का" एवढंच विचारलंत तर समोरचा नाही म्हणेल, कारण चवीपुरता टाकलेला तुकडा तिथे मांसात धरतच नाहीत. म्हणून "शिजवताना डुकराचं काही टाकलंय का, चरबी, हाड, काहीही" असं स्पष्ट विचारा.

सासूबाईंना न्यायचंच असेल तर सेंट्रल बीबीक्यूला न्या, तिथे पोर्टोबेलो मशरूमचं सँडविच मिळतं. त्याची डाउनटाउनची शाखा नॅशनल सिव्हिल राइट्स म्युझियमच्या अगदी जवळ आहे, म्हणजे लोरेन मोटेल, जिथे 4 एप्रिल 1968 ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला ते मेम्फिसला आले होते. म्युझियमला निदान तीन तास द्या, आधी ते बघा आणि मग जेवा, भरल्या पोटी घाईघाईत बघायची जागा नाही ती. पण ज्यांना मांसाच्या वासानेच त्रास होतो त्यांना या दुकानांत नेऊच नका, वास कपड्यांना बसतो, केसांना बसतो, दिवसभर जात नाही. त्यांना घरी गरम पोळीभाजी खाऊ घाला आणि तुम्ही पार्सल घेऊन बाहेर नदीकाठी बसून खा, सगळेच सुखी.

प्रश्न: मे महिन्यात मेम्फिसला बार्बेक्यूची वर्ल्ड चॅम्पियनशिप असते ना? तेव्हाच गेलं तर एकाच ठिकाणी सगळ्यांचं खायला मिळेल असा विचार आहे. — एक वाचक, अटलांटा

उत्तर: हा विचार करून खूप जण जातात आणि उपाशी फिरतात. स्पर्धा खरी आहे, 1978 पासून चालू आहे, पण ती टीम विरुद्ध टीम आणि परीक्षक अशी, तंबूत शिजणारं अन्न प्रेक्षकांना विकत नाहीत, आरोग्य खात्याच्या नियमांमुळे. ओळखीची टीम असेल आणि त्यांनी बोलावलं असेल तर तुमच्यासारखं नशीबवान कोणी नाही, नाहीतर धूर बघायचा, वास घ्यायचा आणि स्टॉलवरचं काहीतरी खाऊन यायचं. शिवाय 2024 पासून दोन स्पर्धा झाल्यात, जुनी लिबर्टी पार्कला गेली आणि नदीकाठच्या टॉम ली पार्कमध्ये स्मोकस्लॅम नावाची नवीन सुरू झाली, त्यामुळे तिकीट काढताना नक्की कुठली ते बघा. त्या दिवसांत हॉटेलं महाग आणि दुकानांत गर्दी. खाण्यासाठीच जायचं असेल तर दुसरा कुठलाही महिना घ्या, तुम्ही अटलांटात आहात, गाडीने सहा तासांच्या आसपास लागतात, शुक्रवारी पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचाल.

प्रश्न: येताना भारतात काय आणता येईल? आणि तिथे टिप किती द्यायची? — एक वाचक, सांगली

उत्तर: मांस आणायचं नाही, व्हॅक्यूम पॅक असलं तरी नाही, कस्टम्सला उगीच अडकाल. बऱ्याच दुकानांत त्यांचा कोरडा मसाला आणि सॉसच्या बाटल्या विकायला असतात, मसाल्याची सीलबंद डबी आणा, सॉस आणलात तर चेक-इन बॅगेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. हा मसाला घरी कोंबडीच्या तंगडीला चोळून ठेवा आणि भाजून झाल्यावर वरून परत थोडा भुरभुरवा, छान लागतो.

टेबलवर येऊन वाढत असतील तर 15 ते 20 टक्के टिप, काउंटरवरून स्वतः घेताय तर बरणीत एक-दोन डॉलर टाकले तरी चालतं. बिलात मेम्फिसला पावणेदहा टक्के टॅक्स वरून लागतो, मेन्यूवरच्या किमतीत तो धरलेला नसतो. आणि स्वीट टी, म्हणजे बर्फ घातलेला गोड चहा, मागवलीत तर अर्धी स्वीट अर्धी अनस्वीट करून मागा, नाहीतर आपल्याकडच्या चहाची सवय असलेल्यालाही ती गोड वाटेल.