पान रंगवण्याआधी डाव मांड

सावंतवाडी, श्रावण

प्रिय बाय,

तुझं पत्र आणि कामाचे फोटो परवा मिळाले. प्रदर्शनासाठी ‘माझी ओळख, माझं कोकण’ हा विषय घेतलास याचा मला फार आनंद झाला. चित्रं दाखवत कथा सांगतात त्या चित्रकथीतली पात्रं, गंजिफा या पत्त्यांच्या खेळाची हातानं रंगवलेली पानं आणि मासेमारीचं रापणीचं जाळं एकाच भिंतीवर आणायचं म्हणतेस. तुझा हात शाळेत होता तसाच नेटका आहे, रेषेबद्दल मला काही सांगायचं नाही. सांगायचंय ते रेषेच्या आधीचं.

दशावतारी गंजिफातला मत्स्य आणि परशुराम तू सहा-सहा फुटांचे केलेस. तू कधी गंजिफा खेळलीस का? नसशील, तर ब्रश खाली ठेव आणि आधी खेळायला शीक. 120 पानं, दहा अवतारांचे दहा रंग, एकेका रंगात राजा, प्रधान आणि एक्कीपासून दश्शीपर्यंत अशी बारा. पाच रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्की मोठी, त्यामुळे पहिल्या दिवशी डोकं गरगरतं. दिवसा बसलं तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्यानं सुरुवात करायची, रात्री बसलं तर कृष्णवाल्यानं.

चार डाव झाले की पान वेगळं दिसायला लागतं. मत्स्याची सत्ती घे. सात मासे असे बसवलेले असतात की मोजावे लागत नाहीत, नजर पडली की सात. प्रत्येक रंगाची जमीन, म्हणजे चित्रामागचा रंग, वेगळी, कारण समोरच्यानं टाकलेलं पान कंदिलाच्या उजेडातही ओळखू यायला हवं. चिंचोक्याच्या खळीनं थर चिकटवायचे, खडूचा लेप द्यायचा, घोटायचं, रंगवायचं आणि वर लाख चढवायची. पिसून, वाटून, आपटून पान टिकावं म्हणून एवढा खटाटोप. हे सगळं खेळणाऱ्यासाठी आहे. सहा फुटांच्या तुझ्या मत्स्यातून तो खेळणाराच गेलाय.

ही कला जवळजवळ संपत आली होती. 1970च्या दशकात इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यात कारागीर बसवले, म्हणून ती वाचली. दरबार हॉलमध्ये आजही पानं रंगवली जातात. पण विकत घेणारे बहुतेक ती काचेत लावतात. पिसणारे हात कमी झाले, याचं मला मनापासून दुःख आहे, आणि तुझ्या पिढीनं इकडे लक्ष द्यावं असं वाटतं.

चित्रकथीबद्दल माझीच चूक सांगतो, म्हणजे तुझ्याकडून ती होणार नाही. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका पोथीतला योद्धा मी कॅनव्हासवर मोठा केला, मागची जमीन लाल भडक केली. चित्र विकलं गेलं, कौतुकही झालं. त्याचा फोटो मी पिंगुळी गावातल्या, चित्रकथी सांभाळणाऱ्या ठाकर समाजातल्या एका म्हाताऱ्या कलावंताला दाखवला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला आणि विचारलं, “ह्यो कोणाक बघता? समोरचो खंय गेलो?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चित्रकथीतली माणसं एका बाजूनं काढलेली, डोळे मोठे, कारण ती सतत कोणाकडे तरी बघत असतात. एका कथेची चित्रं म्हणजे एक पोथी. पाठीला पाठ लावून चिकटवलेली चित्रं एकामागून एक समोर यायची, वीणा, हुडूक आणि टाळ वाजायचे, सांगणारा सांगायचा आणि देवळात बसलेला गाव ऐकायचा. मी त्यातला एक माणूस उचलून एकटा उभा केला होता. पुढे कित्येक महिने मला ब्रश धरवेना.

तेव्हा पिंगुळीला जा. तिथले कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्याच्या कितीतरी आधी त्यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं होतं. फोटो काढून परत फिरू नकोस. कथा लागणार असेल त्या दिवशी जा आणि शेवटपर्यंत बस. कोणी काही शिकवलं तर त्याचं मानधन दे आणि भिंतीवर तुझ्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत त्याचं नाव लाव. याबाबतीत मी कोणाचंही काही ऐकून घेत नाही. ठाकरांनी पिढ्यानपिढ्या हे सांभाळलं, आपण ‘प्रेरणा’ म्हणून मोकळे होतो.

जाळ्याबद्दल थोडंच. फोटोत दिसतंय ते कोरं नायलॉनचं जाळं तू तिथल्या बाजारातून आणलंस ना? तुझे बाबा देवबागला रापणीवर जातात, बाय. रापण म्हणजे होडीनं समुद्रात जाळ्याचा वेढा टाकायचा, दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची आणि मासळीचे वाटे घालायचे. घरातलं फाटकं, शिवलेलं जाळं माग. कुठली गाठ कोणाच्या हातची, हे बाबांना विचार आणि लिहून ठेव. गाव म्हणजे काय ते त्या गाठींत आहे, भिंतीवर वेगळं लिहावं लागणार नाही.

‘आजच्या काळातलं काम मग कसं करू?’ असं तू विचारशील. आपल्या घरची माटवी आठव. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची, तिला आंब्याचे टाळ म्हणजे डहाळ्या, नारळ, सुपारीचा घड, कवंडळाची रानफळं, हरणाची फुलं, रानातून जे मिळेल ते बांधायचं. कवंडळाचा तो तांबडा रंग कुठल्याच ट्यूबमध्ये सापडत नाही. कोण काय आणणार हे न सांगता ठरलेलं असतं. खाली सही नसते, विसर्जनानंतर सगळं उतरतं आणि पुढल्या वर्षी पुन्हा बांधलं जातं. तुम्ही कॉलेजात ज्याला इन्स्टॉलेशन म्हणता, ते आपल्याकडे दर भाद्रपदात घराघरांत होतं. तू नव्या साहित्याचं कर, व्हिडिओ लाव, आवाज लाव, मला काहीच अडचण नाही. फक्त ते तुझ्या वाडीतल्या माणसांना हात लावता येईल असं कर आणि मुंबईला नेण्याआधी वाडीत मांड. तुझी आजी त्याच्यापुढे बसून काय बोलते ते ऐक. ती गप्प राहिली तर पुन्हा कामाला लाग.

सहा फुटांचा मत्स्य फाडू नकोस, गुंडाळून ठेव.

चतुर्थीला आठ दिवस असताना इकडे ये. माटवीला टाळ चढवायला यंदा माझे खांदे साथ देत नाहीत, तुझी मदत होईल. गंजिफाचा माझा जुना संच पुसून ठेवलाय, पानांच्या कडा झिजल्यात पण रंग शाबूत आहेत. खेळायला तिघं तरी लागतात, शेजारचे काका तयार आहेत. जेवणं झाल्यावर बसू, म्हणजे कृष्णवाल्यानं सुरुवात करायची.

तुझे,
ड्रॉइंगचे सर