नवीन मॅनेजर आणि ट्रान्सफर विंडो, नव्या फुटबॉल फॅनसाठी थोडं

अरे मित्रा, तीन मॅच हरलो म्हणून लगेच मॅनेजर (म्हणजे टीमचा मुख्य कोच) बदला म्हणू नकोस, जरा दम धर. फर्ग्युसन नोव्हेंबर 1986 ला मँचेस्टर युनायटेडला आले आणि पहिली ट्रॉफी, इंग्लंडमधला एफए कप, थेट 1990 ला मिळाली. क्लॉप ऑक्टोबर 2015 ला लिव्हरपूलला आला, त्या सीझनला टीम आठवी आली, प्रीमियर लीग (इंग्लंडची मुख्य लीग) जिंकायला 2020 उजाडलं. नवीन माणसाला त्याच्या पद्धतीचे प्लेअर मिळायला दोन-तीन विंडो (प्लेअर खरेदी-विक्रीचे ठरलेले काळ) तरी लागतातच.

आता ट्रान्सफरचं. फी, म्हणजे प्लेअरसाठी दुसऱ्या क्लबला दिलेली रक्कम, बघून भांडण्याआधी हिशोब समजून घे, कारण 10 कोटी पाउंडचा प्लेअर 5 वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर घेतला की खात्यात दरवर्षी 2 कोटीच धरतात, पण क्लबच्या अकॅडमीत घडलेला, फी न देता मिळालेला पोरगा विकला की जवळजवळ सगळी रक्कम त्याच वर्षी नफ्यात दिसते, म्हणून क्लब घरची पोरं विकतात आणि आपला जीव तुटतो. मला हे अजिबात पटत नाही, पण कारण हे आहे. पगार वेगळाच, तो आपण फॅन मोजतच नाही.

आणि महाग म्हणजे चांगला असंही नाही हं. डिफेंडर रॉबर्टसन 2017 ला हल सिटीकडून साधारण 80 लाख पाउंडात लिव्हरपूलला आला, नंतर चॅम्पियन्स लीग (युरोपातली क्लबची सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकला. अफवांवर वाद घालू नकोस, क्लबने जाहीर केलं की मग बोल. आणि प्लेअरला शिव्या तर कधीच नको, तो आपलाच आहे रे.